बद्द

राजीनामा लिहायचा असला की लोक मोठीकडे येत. पंख्यांच्या कारखान्यात ती एचआरला होती आणि आठ वर्षांत तिच्या टेबलावरून इतके राजीनामे गेले होते, की नुसती कागदाची घडी बघून आत काय असेल ते ती सांगायची. चिडलेला माणूस कागदाच्या चार घड्या घालतो, असं तिचं निरीक्षण होतं. अशा माणसाला ती समोर बसवायची, पाणी द्यायची आणि कागद परत करायची. "चार ओळी लिहा," ती म्हणायची. "सोडतोय, अमुक तारखेपासून, आभार, शुभेच्छा. कारण वैयक्तिक. बाकी पोटात जे काय असेल ते घरी जाऊन बायकोला सांगा. राजीनाम्यात खरं लिहायचं नसतं." माणूस ओशाळून हसायचा आणि चार ओळी लिहून आणायचा. साहेब त्यामुळे तिच्यावर खूश होते.

तिला सगळे मोठी म्हणत, पण घरात धाकटं कुणी नव्हतंच. तिच्या जन्मानंतर आईबाबांनी दुसऱ्याची वाट बघता बघता हिला मोठी म्हणायला सुरुवात केली. दुसरं काही आलं नाही, नाव तेवढं चिकटलं. आता बत्तीस वर्षांची झाली तरी ते सुटलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी, जेवणं उरकल्यावर, बाबा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात कोरे कागद होते, जाड, नवे आणलेले.

"मला एक राजीनामा लिहून दे," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"माझा."

मोठीला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण बाबा चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते. 'हं' आणि 'बरं' सोडून त्यांच्या तोंडून तिसरा शब्द निघाला, की आई म्हणायची, आज तारीख लिहून ठेवायला हवी. निवृत्तीला अकरा महिने राहिलेला, एकतीस वर्षांत एकही दिवस उशिरा न गेलेला हा माणूस राजीनामा कशाला देईल, हे तिच्या डोक्यात शिरेना. तिने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाशी बसून कॉम्प्युटर उघडला.

बाबा ऑक्सिजनचे सिलिंडर भरायच्या कारखान्यात होते. हॉस्पिटलांतून रिकामे सिलिंडर यायचे, ते पुन्हा भरून परत जायचे, आणि भरण्याआधी प्रत्येक सिलिंडर बाबांसमोरून जायचा. बाबा त्याला छोट्या हातोडीने एकदा ठोकायचे. पोलाद आतून निरोगी असलं तर सिलिंडर घंटेसारखा वाजतो, आवाज लांबत जातो. आतून गंजला असला, बारीकशी चीर गेली असली, तर बद्द वाजतो. खणखणीत वाजला की बाबा त्यावर खडूने बरोबरची खूण करायचे, बद्द वाजला की बाजूला. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची मोठी चाचणी असायची, पण मधल्या काळात सगळा भरवसा बाबांच्या कानांवर. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. 'कान आले का?' 'कानांना विचारा.' नवी माणसं बिचारी घाबरायची, त्यांना वाटायचं हा चुगलखोर असणार.

मोठीने त्यांच्याकडे पाठ करून टाइप करायला सुरुवात केली. प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय, सेवेचा राजीनामा. महोदय. हे तिचे हात झोपेतही लिहू शकले असते.

"कधीपासून लिहू?" तिने विचारलं.

उत्तर नाही.

"बाबा, तारीख. कधीपासून सोडताय?"

उत्तर नाही. मोठीचं डोकं फिरलं. माणूस स्वतःच राजीनामा लिहून दे म्हणतो आणि स्वतःच तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो, याला काय म्हणायचं. ती गर्रकन वळली. "मी तुमच्याशी बोलतेय."

"हं," बाबा म्हणाले. "काय?"

"तारीख."

"उद्या. उद्या आठला गेलो की लगेच द्यायचाय."

"आणि कारण? वैयक्तिक लिहिते."

"नको," बाबा म्हणाले. "लिही की माझे कान गेलेत."

मोठी हसली. हसू येणारच. घरात हे वाक्य रोजचं होतं. आई भाजी आणा म्हणून तीनदा सांगायची आणि बाबा मोकळ्या हाताने परत यायचे, तेव्हा ती हेच म्हणायची. नवरा म्हणजे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणार, हे आईने लग्नाच्या पहिल्या वर्षातच मान्य केलेलं होतं, आणि लेकीनेही बाबा म्हणजे असेच म्हणून त्याचा विचार कधी केला नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात आईच्या हातून ताटांची चळतच्या चळत खाली गेली. फरशीवर असा काही आवाज झाला, की मोठी खुर्चीतून उडाली. शेजारच्या घरातून कुणीतरी "काय पडलं हो?" म्हणून ओरडलं. एक ताट गोल गोल फिरत कितीतरी वेळ वाजत राहिलं.

बाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांची पापणीसुद्धा हलली नव्हती. ती का दचकली, हे त्यांना समजलं नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर त्याचं उत्तर शोधत होते.

मोठीचं हसू तिथल्या तिथे मेलं. तिने तोंडावर हात धरला आणि हाताआडून हळू म्हणाली, "बाबा, मी काय म्हणतेय?"

"हात काढ," बाबा म्हणाले. "हात काढल्याशिवाय कसं समजणार?"

"किती दिवस झाले?"

"वर्ष झालं. डावा आधी गेला. मग उजवा."

"वर्ष?"

"थोडं जास्तच."

वर्षभर हा माणूस त्यांच्यात जेवला होता, टीव्हीसमोर बसला होता, पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला गेला होता, 'हं' आणि 'बरं' म्हणत होता. ते 'हं' कानांतून येत नाही, डोळ्यांतून येतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मोठीला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त धक्का बसला तो पुढच्या विचाराने. तो विचार बाबांना नीट दिसावा म्हणून ती एकेक शब्द सुटा सुटा बोलली.

"मग वर्षभर तुम्ही सिलिंडर कसे तपासलेत?"

बाबांनी डावा पंजा पुढे केला. "हाताने. ठोकताना हा हात सिलिंडरवर ठेवायचा. चांगला असला की अंगात मुंग्या येतात बघ, तसं येतं इथपर्यंत." त्यांनी कोपर दाखवलं. "बद्द असला की काही येत नाही. मला वाटलं, जमतंय. महिन्याला दोन-तीन बद्द मी बाजूला काढतच होतो. म्हटलं, अकरा महिने निभून जातील."

"मग?"

"मग टोपीवाली रजेवर गेली."

टोपीवाली म्हणजे बाबांच्या पलीकडे बसून भरून आलेल्या सिलिंडरवर झाकणाची टोपी आवळणारी बाई. लोकांना टोप्या घालते म्हणून कारखान्यात तिची रोज थट्टा व्हायची आणि ती रोज तेवढ्याच प्रेमाने शिव्या द्यायची. बहिणीच्या बाळंतपणासाठी ती नऊ दिवस गेली होती. परत आली त्या दिवशी, गेल्या गुरुवारी, बाबांनी एका सिलिंडरवर बरोबरची खूण केली, तो पुढे सरकवला आणि सहज मान वळवली. टोपीवाली पदराने ती खूण पुसत होती.

"मी म्हटलं, हे काय करतेस? तर म्हणाली, काका, हा बद्द होता. मी म्हटलं, नाही. तर नुसती बघत राहिली. मग म्हणाली, काका, मागच्या वर्षापासून मी पुसतेय. तुम्हाला बरं नसेल, थकला असाल, म्हणून बोलले नाही." बाबा थांबले. "ती माझ्या जागी ऐकत होती, मोठे. मी पास केलेले बद्द सिलिंडर ती पुसून बाजूला लोटायची. महिन्याला दोन-तीन. हाताला कळतं, हाताला कळतं, कसलं डोंबलाचं कळतं. निम्मे कळत होते, निम्मे नाही."

मोठीने विचारलं, "आणि ती रजेवर होती ते नऊ दिवस?"

बाबांनी शर्टाच्या खिशातून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात, आकडेच आकडे. सिलिंडरच्या मानेवर जो नंबर ठोकलेला असतो तो. नऊ दिवसांतला प्रत्येक. पाचशे सत्तावीस नंबर त्यांनी कारखान्याच्या वहीवरून हाताने उतरवले होते. "हे कुणीच ऐकलेले नाहीत," ते म्हणाले. "भरून गेले. तीन हॉस्पिटलांत गेलेत."

"त्यातला एखादा बद्द असला तर काय होतं?"

"बहुतेक वेळा काही नाही. वर्षानुवर्षं काही नाही." बाबांनी बोटं एकत्र धरली आणि एकदम उघडली. "आणि मग एकदा."

खोलीच्या दारात आई उभी होती. हातात ताट होतं आणि ते तिने छातीशी धरलं होतं. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे. बाबांची तिच्याकडे पाठ होती.

"अहो," ती म्हणाली.

बाबा वळले नाहीत.

"अहो, ऐकलंत का," ती पुन्हा म्हणाली. हे तिने आयुष्यभरात लाखभर वेळा म्हटलं असेल. या वेळी ते तिच्या तोंडून निघालं आणि तिलाच ऐकवेना. ती मोठीकडे बघत म्हणाली, "मग मी वर्षभर कुणाशी बोलत होते ग?" आणि तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून, खाली बसली. बाबांना ती दिसली ते मोठीची नजर तिकडे गेली म्हणून. ते उठले, तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले आणि तिच्या हातातलं ताट काढून घेऊ लागले. ती ते सोडेना.

मोठी हतबुद्ध होऊन बसून राहिली. पण डोकं जाग्यावर यायला लागलं तसा तिला पहिला प्रश्न पडला, तो कुणालाही पडेल असाच होता. बाबा परत खुर्चीवर येऊन बसल्यावर तिने विचारलं, "गुरुवारी कळलं, आज रविवार. मॅनेजरला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. शुक्रवारी सकाळीच."

"मग?"

"त्यांनी चहा मागवला," बाबा म्हणाले. "तेव्हाच मला शंका आली."

मॅनेजर भला माणूस होता, म्हणजे बोलायला. त्याने दार लावून घेतलं आणि बाबांना कळावं म्हणून अगदी सावकाश बोलला. म्हणाला, एकतीस वर्षं झाली, आता आराम करा. राजीनामा आणा, कारण वैयक्तिक लिहा, मी त्याच दिवशी मंजूर करतो, मोठा निरोप समारंभ करू. बाबांनी खिशातली यादी दाखवली. मॅनेजरने ती हातात घेतली नाही. म्हणाला, पाण्याची चाचणी असतेच, काही होत नाही, आणि काका, तुम्ही हे मला सांगितलंच नाहीत असं मी धरतो.

"मी बहिरा," बाबा म्हणाले, "आणि ऐकू त्यांना आलं नाही."

मोठीला मॅनेजरचा राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्याच्या जोडीला आणखी काहीतरी आलं. सावकाश बोलणं, पाणी नाहीतर चहा देणं, कागद परत करणं, कारण वैयक्तिक लिहा. हे सगळं ती ओळखत होती. मागच्याच महिन्यात प्रेस मशीनवरच्या एका माणसाचा राजीनामा तिने असाच परत केला होता. दोन पानी होता, चार घड्या घातलेला. 'गेले सहा महिने मी वारंवार सांगत आहे की' अशी सुरुवात होती. पुढे काय होतं ते ती आठवायला लागली, आणि आठवेना. आठवणार कसं, तिने ते वाचलंच नव्हतं.

तिने ओठ घट्ट मिटले. त्या माणसाला ते नंतर विचारायचं. आधी हे.

पण लेक म्हणून तिचा जीव वेगळं सांगत होता, आणि ते तिने लपवलं नाही. "बाबा, खरं लिहिलंत तर सगळं तुमच्यावर येईल. वर्षभर लपवलं म्हणतील. चौकशी लागेल. समारंभ राहू दे, गेटवरसुद्धा कुणी विचारणार नाही. वैयक्तिक लिहिलंत तर मानाने बाहेर पडाल."

"लपवलंच की मी," बाबा म्हणाले. "खोटं थोडंच म्हणतील."

"मग मी आत्ताच हॉस्पिटलला फोन करते. राजीनाम्याचं नंतर बघू."

"फोनवर कोण तू? कुणाची तरी मुलगी. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी बाई फोन करते की सिलिंडर वापरू नका, ते कारखान्यात विचारणार, मॅनेजर सांगणार की तिचं डोकं फिरलंय." बाबांनी कोरे कागद तिच्यापुढे सरकवले. "मी बोललेलं त्यांनी ऐकलं नाही म्हणतात. लिहिलेलं तर दिसेल."

हे मात्र मोठीच्या प्रांतातलं होतं. तिने कॉम्प्युटरवरचा चार ओळींचा मजकूर पुसला. मॅनेजरला दिलेला कागद मॅनेजरच्या खणात जातो हे तिला पुरेपूर माहीत होतं. तिच्या स्वतःच्या टेबलालाही तसा एक खण होता. पण कुठल्याही ऑफिसात एका शब्दाला लोक वचकतात, आणि तो शब्द पत्राच्या अगदी तळाशी असतो. प्रत. पत्राची प्रत आणखी कुणाकुणाला गेली आहे, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. ती ओळ नसली तर पत्र बुडतं. ती ओळ असली तर साहेब खुर्चीतून उठतो.

ती बाबांकडे तोंड करून बसली, मांडीवर कीबोर्ड घेऊन. एकेक वाक्य म्हणायचं, बाबांनी मान हलवली की टाइप करायचं. आई दारातून उठून कॉटवर येऊन बसली आणि तिघांचं मिळून ते पत्र झालं.

'महोदय, मी आपल्या कारखान्यात एकतीस वर्षे सिलिंडर आवाजावरून तपासण्याचे काम करतो. गेले एक वर्ष मला ऐकू येत नाही. हे मी कोणालाही सांगितले नाही, ही माझी चूक आहे. या काळात मी सदोष सिलिंडर योग्य म्हणून पुढे पाठवले. ते माझ्या एका सहकाऱ्याने वेळोवेळी बाजूला काढले, त्यामुळे अनर्थ टळला. परंतु सोबतच्या यादीतील पाचशे सत्तावीस सिलिंडर कोणीही ऐकलेले नाहीत. ते वापरू नयेत. ते ताबडतोब परत आणून रिकामे करावेत व ज्याला ऐकू येते अशा माणसाकडून तपासून घ्यावेत. हे मी शुक्रवारी आपल्याला तोंडी सांगितले होते. मी या कामास लायक राहिलेलो नाही, म्हणून राजीनामा देत आहे.'

"'अनर्थ' कशाला," आई म्हणाली. "अपघात लिही."

बाबांनी मोठीकडे बघितलं. "काय म्हणते ती?"

मोठीने सांगितलं. बाबा आईकडे वळून म्हणाले, "अपघात बरोबर आहे." वर्षभरात त्यांनी तिला दिलेलं पहिलं धड उत्तर बहुधा हेच असावं. आईने डोळे पुसले आणि पुढची ओळ वाचायला लागली.

"शेवटी आभार लिहू?" मोठीने सवयीने विचारलं.

"कशाबद्दल?"

तिने ती ओळ सोडून दिली. मग लिहिलं, सोबत, नंबरांची यादी, दोन पाने. आणि त्याखाली, प्रत, माहितीसाठी व तातडीच्या कार्यवाहीसाठी, आणि तिन्ही हॉस्पिटलांच्या भांडार विभागांची नावं. बाबांनी छापलेला कागद दोनदा वाचला, एका ठिकाणी 'सहकाऱ्याने' होतं ते पेनाने 'सहकारी भगिनीने' केलं आणि सही केली. मोठीने फोटो काढले आणि दोन वाजून चाळीस मिनिटांनी चौघांनाही मेल केली. मग हॉस्पिटलांना फोन लावायला घेतले, आणि प्रत्येक ठिकाणी म्हणाली, "मेल उघडा आणि वाचा, मी थांबते." लेखी पत्र पुढ्यात आल्यावर कुणीही तिला, तू कोण, असं विचारलं नाही.

शेवटच्या हॉस्पिटलचा फोन ठेवल्यावर अकरा मिनिटांत मॅनेजरचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी हा माणूस फोन उचलतसुद्धा नाही, असं बाबा सांगायचे.

"काकांना द्या," तो म्हणाला.

"त्यांना ऐकू येत नाही. मला सांगा, मी त्यांना सांगते."

मग तो बोलू लागला आणि मोठी बाबांसमोर बसून त्याचा शब्द न् शब्द तोंडाने करून दाखवू लागली. आवाज न काढता. पत्र मागे घ्या. गैरसमजातून लिहिलं म्हणा. वैयक्तिक कारण लिहून दुसरं द्या, मी मंजूर करतो, सगळं पूर्वीसारखं. नाहीतर चौकशीत पहिलं नाव तुमचं येईल, आणि त्या बाईचंही येईल. मोठीच्या मनात आलं, हे शेवटचं गाळावं. बाबांना काय कळणार होतं. पण वर्षभर त्यांच्यापर्यंत काय पोचलं आणि काय नाही, याचा हिशेब कुणालाच देता येणार नव्हता, त्यात आणखी भर घालायचं तिला धाडस झालं नाही. तिने तेही सांगितलं.

बाबांनी थोडा विचार केला.

"त्यांना म्हणावं, मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "जे काय म्हणायचं असेल ते लेखी द्या."

मोठीने तसंच सांगितलं.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"काहीच म्हणत नाहीत," ती म्हणाली.

सोमवारी तिने रजा टाकली आणि बाबांबरोबर कारखान्यात गेली. तिन्ही हॉस्पिटलांनी रात्रीच सिलिंडर बाजूला काढून 'घेऊन जा' म्हणून कळवलं होतं, त्यामुळे मॅनेजरला गाड्या पाठवाव्याच लागल्या. यादीतले जे आधीच रिकामे होऊन परत आले होते ते एका बाजूला, जे भरलेले होते त्यांतला वायू सोडणं चाललेलं. दुपारपर्यंत आवारात सिलिंडरांच्या रांगा उभ्या राहिल्या. टोपीवालीला ऐकायला बसवलं, पण तिला ठोकायची सवय नव्हती. तिचा हात कधी जोरात पडायचा कधी हलका, त्यामुळे आवाज सारखा येईना. शेवटी ती हातोडी घेऊन बाबांकडेच आली. "काका, तुम्ही ठोका," ती म्हणाली. "मी ऐकते."

मॅनेजर ऑफिसच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा होता. भरणारे, उचलणारे, गाड्यांवरचे, सगळे गोळा झाले होते. कुणी कान म्हणून हाक मारली नाही. बाबा पहिल्या रांगेच्या टोकाला गेले. टोपीवाली त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून, डोळे मिटून चालू लागली.

एकतीस वर्षं बाबा काय करतात ते मोठीने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. हातोडी पडायची आणि स्वच्छ, लांब आवाज आवारभर पसरायचा. तो विरायच्या आत पुढचा. बाबांचा हात मोजून मापून पडत होता, एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. पहिली रांग संपली. दुसरी. मोठीच्या नकळत तिच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं. पाचशेत एकही नसेल, तिला वाटलं. नसेलच.

तिसऱ्या रांगेत मध्यावर हातोडी पडली आणि 'बद्द' वाजलं.

ते ओळखायला कानांची जोडी पुरेशी होती, शिक्षण लागत नव्हतं. सिलिंडर उचलणारे होते तिथे थबकले. मॅनेजरच्या हातांची घडी सुटली. टोपीवालीने डोळे उघडले. त्या सिलिंडरवर बाबांच्या हातची, ठसठशीत, बरोबरची खूण होती.

आवारात सगळे जागच्या जागी थिजले होते. फक्त बाबा पुढच्या सिलिंडरकडे वळले आणि त्यांनी हातोडी उचलली.